तिसऱ्या दिवसाचं रीडिंग

ड्रोहेडा, आयर्लंड, १७ ऑक्टोबर २००४

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' आणि 'साष्टांग' घरून निघतानाच विसरले असं समजा आणि नमस्कार करून घ्या. फोनवर तुम्ही "काय? काय?" करता आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडते, त्यामुळे माझ्यासोबत राहणाऱ्या यामिनीला वाटतं की आपलं भांडण चाललंय. तीस वर्षं पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काँक्रीटचे क्यूब फोडून ताकद मोजायच्या मशीनशेजारी बसून तुम्ही कान घालवलेत, त्याला आता इलाज नाही. तेव्हा यापुढे पत्रच. यामिनी मूळची साताऱ्याची, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. बोलायला फटकळ, पण वरण माझ्यापेक्षा चांगलं करते.

कॉलेजचं सांगते. माझी मास्टर्स डिग्री 'बाय रिसर्च' आहे. म्हणजे वर्ग नाहीत, वेळापत्रक नाही, परीक्षा नाही. पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेले तर बसायला बाकच नव्हता! एक टेबल दिलं, एक कपाट दिलं (इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात), आणि गाईड म्हणाले, "कर सुरू." गाईडना फर्गल अशी नुसत्या नावाने हाक मारायची. मला अजून जमत नाही, मी 'एक्स्क्यूज मी' म्हणून वेळ मारून नेते. मे महिन्यात कमिटीसमोर काम मांडायचं. ते पटलं तर याच कामाची पुढे पीएच.डी. होते.

विषय तुमच्याच घरचा आहे. काँक्रीटमधलं अर्धं सिमेंट काढायचं आणि त्याजागी पोलादाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, घालायची. असं काँक्रीट इथल्या थंडीत तिसऱ्या दिवशी किती ताकद धरतं, एवढंच शोधायचं. एका बांधकाम कंपनीने पैसे दिलेत. आकडा चांगला आला तर त्यांना तिसऱ्या दिवशी स्लॅबखालचं सेंटरिंग, म्हणजे टेकू, काढायचंय.

लॅब सांभाळणारा मॅलकी नावाचा साठीचा माणूस आहे. प्रत्येक क्यूबवर रंगाने नंबर आणि तारीख घातल्याशिवाय तो पाण्याच्या टाकीजवळ फिरकू देत नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा त्याचा कारभार. तुमचं आणि त्याचं एक दिवसही पटलं नसतं.

तुमची
क्षितिजा

•

नागपूर, ८ नोव्हेंबर २००४

चि. क्षितिजा,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. कॉलनीत सगळ्यांना सांगून टाकलं की पोट्टी पीएच.डी. करते. आता 'मे महिन्यात कमिटी' वगैरे बारकावे त्यांना कशाला? तू करशीलच. तुझी आई असती तर तिने मला तोंड आवरायला लावलं असतं. ती नाही, त्यामुळे मला रान मोकळं आहे.

परीक्षा नाही म्हणतेस, हे काही मला पचलं नाही. परीक्षा नसेल तर माणसाला कळायचं कसं की आपण पास आहो का नापास? म्हणजे गाईडच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचं! त्यापेक्षा तीन तासांचा पेपर बरा, बाप्पा.

एक सांगतो, ते लक्षात ठेव. रीडिंग वेडंवाकडं आलं तर घाबरायचं नाही. काँक्रीट म्हणजे लहान लेकरू, कधी रडेल सांगता येत नाही. उत्तर काय यायला पाहिजे हे पुस्तकात असतं. ग्राफ आधी पेन्सिलने काढायचा आणि बिंदू मग बसवायचे. माझ्या हाताखालून हजार पोट्टे असेच इंजिनीयर होऊन गेले. कोणाचं जर्नल परत आलं नाही. तू स्वतः दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याच शेजारी बसून रीडिंग बसवली होतीस, आठवते ना?

थंडीत कान झाकत जा.

बाबा

•

ड्रोहेडा, २० फेब्रुवारी २००५

प्रिय बाबा,

चार महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आठ डिग्रीच्या टाकीत ठेवलेले माझे क्यूब तिसऱ्या दिवशी मशीनमध्ये घातले की बिस्किटासारखे फुटत होते. ताकदीचं रीडिंग पंधरा यायला हवं, तिथे सात. दुसरी बॅच केली, पुन्हा सात. फर्गलने कागद पाहिला, दाढी ओढली आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग. अजून दोन बॅच कर. घाई नाही."

आपल्याकडे गाईड 'घाई नाही' म्हणाला की समजायचं, याने आपल्यावर पाणी सोडलं. मी घरी येऊन रडले. यामिनी म्हणाली, "जाऊन विचार ना त्याला, काय चुकतंय ते." गाईडला 'मला येत नाहीये' असं कसं सांगायचं? तिच्याकडे पेशंट मरतो तेव्हा तरी तिला कारण लिहिता येतं.

शेवटी तुमची पद्धत लागू पडली. ग्राफ आधी काढला. तिसऱ्या आणि चौथ्या बॅचची सरासरी चौदा पॉइंट सहा आली. पहिल्या दोन बॅचेस मी मिक्सिंगमधली चूक म्हणून बाजूला ठेवल्या. फर्गलने नवा ग्राफ बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "कंपनी खूष होईल." तो स्वतः काही फारसा खूष दिसला नाही, पण त्याचा चेहराच तसा आहे.

ग्राफची कॉपी सोबत पाठवतेय. जपून ठेवा.

क्षितिजा

•

नागपूर, १४ मार्च २००५

चि. क्षितिजा,

ग्राफ पाहिला आणि ऊर भरून आला. काय वळण आहे! भिंतीवर लावला. पेढे वाटले. मंगळवारी माझा जुना सहकारी शशिकांत आला होता, त्याला दाखवला. त्याने जवळ जाऊन पाहिलं, हसला आणि म्हणाला, "हरीशभाऊ, हा तर तुमच्याच हातचा वाटतो." मी म्हटलं, पोरगी कोणाची आहे?

शशिकांतचं बोलणं तुला माहीत आहे, तिरकं असतं. मनावर घेऊ नको.

मेची तयारी कर. कमिटीसमोर खाली पाहून बोलू नको.

बाबा

•

ड्रोहेडा, १९ जून २००५

बाबा,

कमिटी झाली. पास झाले. सप्टेंबरपासून पीएच.डी., तसं पत्रही हातात आलं. ही बातमी महिनाभर तुम्हाला कळवली नाही, त्याचं कारण आता लिहिते.

फेब्रुवारीत मी तुम्हाला पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. तिसऱ्या बॅचचे तीन क्यूब आणि चौथ्या बॅचचे तीन मी फोडलेच नाहीत. तिसरा दिवस आला, मी मशीनसमोर उभी राहिले, आणि पुन्हा सात येईल या भीतीने माझा हातच पुढे होईना. टेबलावर येऊन आकडे लिहिले. सहा क्यूब टाकीतच राहिले. फेकून देण्याइतकाही धीर झाला नाही.

गेल्या सोमवारी मॅलकीने धुवायला टाकी रिकामी केली. मी सकाळी गेले तर सहाच्या सहा माझ्या टेबलावर एका ओळीत मांडलेले. माझ्याच अक्षरातले नंबर, माझ्याच तारखा. वहीत ते फेब्रुवारीत फुटलेले आहेत आणि इथे माझ्यासमोर अख्खे बसलेत! मॅलकी म्हणाला, "हे तुझे असावेत." बस. ना आवाज चढवला, ना फर्गलला काही सांगितलं. जाताना एवढंच म्हणाला, "फर्गलशी तूच बोलशील, नाही का?"

मी अजून बोललेले नाही. कंपनीला रिपोर्ट गेलाय. डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये त्यांची सात मजली अपार्टमेंट्स चढतायत आणि ऑक्टोबरपासून, थंडीत, स्लॅब ओततील. तिसऱ्या दिवशी खालचे टेकू काढतील. माझ्या चौदा पॉइंट सहाच्या भरवशावर. आणि वर माणसं उभी असतील.

सांगितलं तर पीएच.डी. जाते, कदाचित मास्टर्ससुद्धा. नाही सांगितलं तर काय, ते मला विचार करवत नाही. जास्तीचे क्यूब होते, स्पेअर म्हणून टाकले होते, असं मॅलकीला सांगता येईल. तो खोदून विचारणारा माणूस नाही.

काय करू? लवकर लिहा.

क्षितिजा

•

नागपूर, १ जुलै २००५

चि. क्षितिजा,

पहिले हातपाय गाळणं बंद कर. स्पेअर होते म्हण. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा ठोकळ्यांसाठी कोणी पीएच.डी. सोडते काय?

आणि हे इमारतीचं भय डोक्यातून काढ. डिझाइन करणारा काही वेडा नसतो, तो दुप्पट-तिप्पट धरून चालतो. साइटवरचा इंजिनीयर आपली अक्कल वापरतोच. मी स्वतः अशी कितीतरी रीडिंग दिली, मशीन बंद असतानासुद्धा दिली. मुलींची शाळा उभी आहे, प्रसूतिगृह उभं आहे. एकही पडलं नाही. मी स्वतः जाऊन पाहतो ना.

मॅलकीला एखादं केकबिक नेऊन दे. लॅबवाला माणूस गोड बोलण्याने विरघळतो, हे मी अनुभवाने सांगतो.

बाबा

•

नागपूर, ४ जुलै २००५

क्षितिजा,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून घास उतरत नाही. त्या पत्रातलं काही ऐकू नको. हे पत्र त्याच्या आधी पोचावं असं वाटते, पण पोस्ट काही माझ्या बापाचं नाही.

सत्याऐंशी साली आमच्या मशीनचा पंप गेला. सुटा भाग मंजूर व्हायला चौदा महिने लागले. ठेकेदारांचे क्यूब मात्र येतच होते, कारण आमच्या शिक्क्याशिवाय त्यांचं काम पुढे सरकत नव्हतं. वरून निरोप आला, "हरीशराव, अडवू नका, रीडिंग देऊन टाका." मी दिली. एक्केचाळीस रिपोर्ट. एकही क्यूब न फोडता. जड गेलं ते पहिल्या रिपोर्टला, नंतर सवय झाली.

'मी स्वतः जाऊन पाहतो' असं तुला ऐटीत लिहिलं. काहून जातो ते लिहिलं नाही. तू लहान असताना रविवारी स्कूटरवर आपण त्या मुलींच्या शाळेत जायचो. तू घसरगुंडीवर खेळायची आणि मी व्हरांड्याचा स्लॅब पाहत उभा राहायचो, कुठे भेग आहे का म्हणून. प्रसूतिगृहात कोणी ओळखीचं नसताना मी फळं घेऊन जायचो. काल पुन्हा शाळेत गेलो. व्हरांड्यात छताचा एक पोपडा पडलाय, सळई दिसते. तो पाण्याने पडला असेल, वयाने पडला असेल. माझ्याने पडला असेल. कसं सांगणार? माझ्याकडे खरं रीडिंगच नाही.

अठरा वर्षं मी 'पडलं नाही' हे एकच वाक्य जपतो आहे. तेच तुला देत होतो. तू तिथे खरं बोललीस तर माझंही उघडं पडते, म्हणून मी तुला खोटं बोल म्हटलं. बापाने असं करू नये. मी केलं.

जा आणि फर्गलला सांग. पीएच.डी. गेली तर जाऊ दे.

बाबा

•

ड्रोहेडा, २० जुलै २००५

बाबा,

तुमचं पहिलं पत्र बारा तारखेला आलं. तेराला मी मॅलकीला सांगितलं की ते स्पेअर होते. तो म्हणाला, "ग्रँड." (इथे 'ठीक आहे' असं म्हणायला हाच शब्द.) आणि स्वतः उचलून दोन-दोन क्यूब बाहेरच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकून आला. तीन खेपा केल्या त्याने. मी मदतीला उठले तर नको म्हणाला. त्यानंतर तो मला नीट गुड मॉर्निंग म्हणतो, आणि तेच सहन होत नाही.

दुसरं पत्र काल आलं.

मला तुमचा राग आलाय, बाबा. लपवून ठेवत नाही. हेच तुम्ही नोव्हेंबरमध्ये लिहिलं असतंत तर? 'ग्राफ आधी काढ' याच्याऐवजी? मला वाटायचं बाबांना ती शाळा आवडते म्हणून आपण जातो. मी आईकडे हट्ट करायचे की मला त्याच शाळेत घाला. आईने का नाही घातलं, ते आता कळतंय. तिला माहीत होतं ना?

यामिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बीपी न मोजता चार्टवर लिहिणारा डॉक्टर माझ्या वॉर्डात असता तर मी त्याला हाकलला असता. पण तू माझी मैत्रीण आहेस, म्हणून तुझ्याबरोबर दारापर्यंत येते."

उद्या सकाळी फर्गलकडे जातेय.

क्षितिजा

•

ड्रोहेडा, ४ सप्टेंबर २००५

बाबा,

सगळं झालं. कमिटीच्या दोन बैठका झाल्या. पीएच.डी.चं पत्र परत घेतलं, मास्टर्सचं रजिस्ट्रेशनही रद्द केलं. व्हिसा ऑक्टोबरअखेर संपतो. कंपनीला दुसऱ्याच दिवशी कळवलं गेलं, तो रिपोर्ट मागे घेतला. नव्याने तपासणी होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत, असं ठरलंय. या एका गोष्टीमुळे मी जेवू शकते.

त्या सकाळचं सांगते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फर्गल ओरडेल असं वाटलं होतं. त्याने खुर्ची दिली आणि विचारलं, "मग पहिल्या दोन बॅच? ते सात?" मी म्हटलं, ते खरे होते. तो म्हणाला, "क्षितिजा, सात हेच उत्तर होतं. सगळ्या कंपन्या घाई करतायत, आणि थंडीत हे काँक्रीट तीन दिवसांत तयार होत नाही, अशी मला शंका होती. तू सात आणलेस तेव्हा मला वाटलं, सापडलं. म्हणून तर पुन्हा करायला सांगितलं. चौदा आणलेस तेव्हा मी माझी शंका सोडून दिली."

बाबा, माझी पीएच.डी. नोव्हेंबरमध्येच माझ्या हातात होती. मीच ती चूक म्हणून बाजूला ठेवली.

ते दोन खरे सातसुद्धा आता कोणी धरणार नाही. माझ्या हातचं काहीच धरणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नवा विद्यार्थी पहिल्या क्यूबपासून सुरू करेल. मॅलकीने माझ्या कपाटावरची नावाची पट्टी काढली. आमची नजरानजर झाली नाही.

कमिटीत एका बाईंनी विचारलं, "असं करायला तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, कोणी नाही.

तिकीट २४ ऑक्टोबरचं आहे. कॉलनीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

क्षितिजा

•

नागपूर, २४ सप्टेंबर २००५

चि. क्षितिजा,

कॉलनीत सांगून झालं. गणपतीच्या मांडवातच सांगितलं, सगळे एकत्र सापडले म्हणून. पण कोणी ऐकायलाच तयार नाही. म्हणतात, गोऱ्यांनी हुशार पोरीवर अन्याय केला. मी म्हटलं, नाही हो, तिने खोटं रीडिंग लिहिलं आणि ते तिला मी शिकवलं. तर मला पाणी आणून दिलं आणि पंख्याखाली बसवलं. शशिकांत कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "हरीशभाऊ, कोण नाही करत? उगीच सगळ्यांच्या पेन्शनीवर निखारे ठेवू नका."

शाळेचा स्लॅब तपासा, असा बांधकाम खात्याला अर्ज लिहिला. एक्केचाळीसही कामांची नावं आठवतील तशी लिहिली, खाली माझं नाव, हुद्दा, सही. ऑफिसातला बाबू चांगला होता. म्हणाला, "काका, सत्याऐंशीचं रेकॉर्ड रद्दीत गेलं. कशाच्या आधारावर चौकशी लावू?" आतला इंजिनीयर तुझ्याच वयाचा. त्याने अर्ज पुरा वाचलासुद्धा नाही. "बिल्डिंग उभी आहे ना? मग झालं." पोपडा पडला तिथे गिलावा करून देतो म्हणाला. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. मी तीनदा गेलो. चौथ्यांदा शिपायाने फाटकावरच सांगितलं की साहेब नाहीत.

तू जे केलंस त्याची तुला शिक्षा झाली. मी एक्केचाळीस वेळा केलं आणि माझं नाव लिहून घ्यायलाही कोणी तयार नाही. पोरी, तुझ्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही, पण एका गोष्टीसाठी रागावतो. 'कोणी नाही' असं तू त्या बाईंना सांगितलंस, ते खोटं आहे. तेवढं एक तिथे ठेवून येऊ नको.

सोबत फर्गलसाहेबांच्या नावाने बंद पाकीट आहे. इंग्रजी माझं जुन्या वळणाचं आहे, पण समजेल. निघायच्या आधी त्यांच्या हातात दे. तुला परत घ्या असं त्यात लिहिलेलं नाही, माफ करा असंही नाही. मी कोण, कुठल्या लॅबमध्ये होतो आणि हिला काय शिकवलं, एवढंच लिहिलं आहे. आणि शेवटी एक विनंती केली आहे, की तुमच्या रजिस्टरमध्ये हिच्या नावापुढे जे काही लिहिलं असेल, त्याच्याखाली माझंही नाव लिहून घ्या.

तुझा
बाबा